कर्करोगाच्या केसपेपरवर कामाचा रकाना हवाच

बदलापूरच्या सोनिवलीपासून अंबरनाथ-उल्हासनगरापर्यंत कुठल्याही आळीत कुणाला कर्करोग निघाला, की दोन मते हमखास ऐकू येतात. एक म्हणते, तंबाखू खात होता, नाहीतर नशिबातच होते. दुसरे म्हणते, कंपन्यांनी हवा-पाणी नासवले, आता सगळ्यांनाच होणार. मते परस्परविरुद्ध, पण परिणाम सारखाच. त्या माणसाने कुठल्या खात्यात, कुठल्या रसायनाजवळ, किती वर्षे काम केले, हे दोन्हीकडचे कुणीच विचारत नाही. माझा आग्रह त्याच प्रश्नासाठी आहे. कामातून येणारा कर्करोगाचा धोका मोजता येतो, नोंदवता येतो आणि बराचसा टाळताही येतो. ज्याच्या हातात कारखान्याची रचना आहे, टाळण्याची जबाबदारी त्याची आहे.

आधी तंबाखूचा युक्तिवाद पाहू. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०२० च्या अहवालानुसार देशातले सुमारे २७ टक्के कर्करोग तंबाखूशी संबंधित अवयवांचे आहेत. विडी, गुटखा आणि मिश्री यांची बाजू कुणीच घेऊ नये. पण ‘तंबाखू खात होता’ म्हणून चौकशी तिथेच संपवणे चूक आहे. अमेरिकेत हॅमंड आणि सेलिकॉफ यांनी १९७९ मध्ये ॲस्बेस्टॉस हाताळणाऱ्या कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. धूम्रपान न करणाऱ्या आणि ॲस्बेस्टॉसशी संबंध नसलेल्या माणसाला फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण येण्याचा धोका एक धरला, तर केवळ ॲस्बेस्टॉसमुळे तो सुमारे पाचपट होता, केवळ धूम्रपानामुळे अकरापट आणि दोन्ही एकत्र आल्यावर त्रेपन्नपट. म्हणजे विडी ओढणाऱ्या कामगाराला कामावरच्या धुळीपासून जास्त जपायला हवे. त्याची विडी मालकाला जबाबदारीतून मोकळे करत नाही.

नशिबाचा युक्तिवाद तर अडीचशे वर्षांपूर्वीच मोडला आहे. लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये दाखवून दिले, की धुराडी साफ करणाऱ्या मुलांना पुढे होणारा वृषणकोशाच्या त्वचेचा कर्करोग काजळीमुळे होतो. १८९५ मध्ये लुडविग रेन यांनी जर्मनीतल्या रंगकारखान्यांच्या कामगारांत मूत्राशयाचा कर्करोग दाखवला. हे दुसरे उदाहरण आपल्याला जवळचे आहे, कारण रंग आणि रंगांची कच्ची रसायने हा आपल्याही औद्योगिक पट्ट्याचा धंदा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवतातच अशा कारणांची यादी केली आहे आणि त्यात आता शंभराहून अधिक नावे आहेत. बेन्झीन, बेन्झिडीन, ॲस्बेस्टॉस, स्फटिकी सिलिकाची धूळ, सहासंयुजी क्रोमियम, लाकडाचा भुसा, वेल्डिंगचा धूर, डिझेलचा धूर, रंगाऱ्याचे काम आणि २०१३ पासून शहरातली प्रदूषित हवासुद्धा. यातले एकही नाव नशिबाने ठरत नाही.

‘वीस वर्षे प्लांटमध्ये काढली, काही झाले नाही,’ असे पुष्कळ कामगार सांगतात आणि ते खरे बोलतात. पण वीस वर्षे हा या रोगाच्या दृष्टीने पुरेसा काळ नाही. ॲस्बेस्टॉसमुळे फुप्फुसाच्या आवरणाला होणारा मेसोथेलिओमा उमटायला साधारण वीस ते पन्नास वर्षे लागू शकतात. बेन्झीनमुळे होणारा रक्ताचा कर्करोग त्यामानाने लवकर दिसतो, तरी वर्षे जातातच. दरम्यान कामगार तीन ठेकेदार बदलतो, हेल्परचा ऑपरेटर होतो, निवृत्त होतो. गाठ निघते तेव्हा त्याचे नाव कुठल्याच हजेरीपटावर नसते. वालधुनी नदीत नोव्हेंबर २०१४ मध्ये टँकरमधले रसायन सोडले गेले आणि उल्हासनगरात शेकडो लोक रुग्णालयात पोचले, तेव्हा बातमी झाली, चौकशी झाली. तीस वर्षांनी उमटणाऱ्या रोगाची बातमी होत नाही, म्हणून त्याची नोंद मुद्दाम ठेवावी लागते.

मग येते व्यवस्थेचे नेहमीचे उत्तर, ‘सगळे मर्यादेच्या आत आहे.’ मर्यादा आवश्यक आहे, पण ती निर्दोषपणाचा दाखला नाही. अमेरिकेत कामाच्या ठिकाणच्या हवेतील बेन्झीनची मर्यादा आधी दहा लाखांत दहा भाग होती. १९८७ मध्ये ती एका भागावर आणली. बेन्झीन तेच होते, माणसाचे ज्ञान वाढले. कर्करोग घडवणाऱ्या पदार्थाबाबत शहाणपणाचा नियम एवढाच, की पदार्थ बदलता येत असेल तर बदला, नसेल तर प्रक्रिया बंदिस्त करा, हवा खेचून घ्या. मास्क सर्वांत शेवटी. आपल्याकडे हा क्रम उलटा चालतो. आधी मास्क हातात देतात आणि धुळीच्या खात्यात गूळ वाटतात. गूळ पोटात जातो, धूळ फुप्फुसात राहते.

सर्वांत प्रामाणिक आक्षेप पोटाचा आहे. कंपनी बंद पडली तर खायचे काय? हा प्रश्न झटकणाऱ्याला या भागाविषयी बोलण्याचा अधिकार नाही. पण धंदा आणि विष यांची गाठ तुटते, याचा दाखला आपल्याच उद्योगात आहे. जर्मनीने १९९४ मध्ये बेन्झिडीन आणि तत्सम घातक रसायने सोडणाऱ्या ॲझो रंगांवर बंदी आणली. भारतानेही त्याच दशकात अशा शंभराहून अधिक रंगांच्या हाताळणीवर बंदी घातली. तरीही भारतात कापड रंगवणे थांबले नाही आणि रंगांची निर्यातही थांबली नाही.

आता दुसऱ्या टोकाकडे. ‘आमच्या चाळीत चौघांना कर्करोग झाला, म्हणजे कंपनीचाच दोष’ हा निष्कर्षही टिकत नाही. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर मिळून लोकसंख्या सव्वानऊ लाखांवर होती. देशात दर लाखामागे वर्षाला सुमारे शंभर नवे रुग्ण निघतात. या हिशेबाने एवढ्या वस्तीत वर्षाला नऊशेच्या वर रुग्ण निघणे ही देशाची सरासरी झाली. त्यात चाळीतले चौघे पुरावा होत नाहीत. ब्रिटनमध्ये कामामुळे होणाऱ्या कर्करोगांचे प्रमाण नव्या रुग्णांच्या सुमारे चार टक्के निघाले. तोच आकडा इथे लावून पाहिला तर वर्षाला पस्तीस-चाळीस माणसे होतात. इथले खरे प्रमाण त्याहून कमी असेल किंवा जास्त, पण हा भार सगळ्या शहरावर सारखा पडत नाही. तो मोजक्या खात्यांतल्या मोजक्या माणसांवर पडतो. शहराची सरासरी काढली की ती माणसे दिसेनाशी होतात.

आणि धोका गेटच्या आत थांबत नाही. १९६५ मध्ये लंडनमधल्या अभ्यासात न्यूहाउस आणि थॉम्पसन यांना मेसोथेलिओमाचे असे रुग्ण सापडले, जे स्वतः कारखान्यात कधी गेले नव्हते. कुणाच्या घरातला माणूस ॲस्बेस्टॉसचे काम करत होता, कुणी कारखान्याच्या अर्ध्या मैलाच्या आत राहत होते. आपल्याकडे घराघरांवर ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे आहेत. अखंड पत्र्यापेक्षा तो कापताना, भोके पाडताना, फोडताना उडणारी धूळ घातक असते. नदीचेही तसेच. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल ‘वनशक्ती’ संस्थेच्या अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये ९५ कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला होता. त्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्रांबरोबर इथल्या पालिकाही होत्या. म्हणजे दोष कारखान्यांपुरता नव्हता.

मग करायचे काय? कायदा आपल्या बाजूला आहे. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली आणि घातक प्रक्रियेची माहिती कामगारांना देणे, त्यांच्या आरोग्याची नोंद ठेवणे आणि ती त्यांना पाहू देणे मालकावर बंधनकारक झाले. धोक्याची माहिती उघड करण्याचे हे बंधन २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेतही आहे. ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी बजावले, की आरोग्याची नोंद काम सुरू झाल्यापासून चाळीस वर्षे किंवा काम सुटल्यानंतर पंधरा वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर जपावी. हाच नियम कर्करोग घडवणाऱ्या प्रत्येक रसायनाला लागू करावा आणि ठेकेदाराच्या माणसाची नोंद मूळ कंपनीने ठेवावी. सरकारी, विमा योजनेच्या आणि खासगी अशा प्रत्येक रुग्णालयाने कर्करोगाच्या केसपेपरवर तंबाखूइतकाच ठळक रकाना कामाचा करावा. ‘नोकरी’ एवढा शब्द पुरणार नाही. कंपनी, खाते, रसायन आणि वर्षे हवीत. प्रदूषण नियंत्रण मंडळाने औद्योगिक वसाहतींच्या कुंपणावरच्या हवेतील बेन्झीनचे आकडे वस्तीच्या चौकात लावावेत.

एवढे होईपर्यंत थांबू नका. कंपनीत जाणाऱ्या प्रत्येक दादाने आणि ताईने आज एका वहीत लिहावे, की कुठल्या सालापासून, कुठल्या कंपनीत, कुठल्या ठेकेदाराकडे, कुठल्या पिंपातले काय हाताळले. पिंपावरच्या लेबलचा फोटो काढता आला तर काढावा. लघवीतून रक्त गेले, खोकला तीन आठवडे हटला नाही, वजन कारण नसताना उतरले, तर डॉक्टरांसमोर ती वही ठेवावी आणि त्यांनी विचारले नाही तरी स्वतःहून सांगावे. पुरावा नाही म्हणून कामगाराला परत पाठवणाऱ्या व्यवस्थेला आपण एवढेच ठणकावून सांगायचे आहे, की पुरावा जपणे हे कायद्याने तुमचे काम होते.