कॅन्सर रुग्णालयात वस्तीचा प्रतिनिधी कोण निवडणार?

अमेरिकेत राष्ट्रीय कर्करोग संस्थेची मान्यता असलेली ७० हून अधिक कॅन्सर केंद्रे आहेत. आपल्या परिसरात कोण लोक राहतात, त्यांना कोणता कॅन्सर जास्त होतो आणि त्या लोकांशी आपला संबंध काय, हे मान्यतेसाठी या केंद्रांना दाखवावे लागते. म्हणून अनेक केंद्रांनी स्थानिक समाजातील कार्यकर्ते, धर्मगुरू आणि बरे झालेले रुग्ण यांच्या सल्लागार समित्या नेमल्या. त्यामागे काळ्या समाजाचा जुना आणि सकारण अविश्वास आहे. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या काळ्या स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतील पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या. त्या पेशींवर जगभर संशोधन झाले. तिच्या कुटुंबाला मात्र वीस वर्षे त्याचा पत्ताही नव्हता.

आपल्याकडची परिस्थिती काय आहे?

१९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांवर टाटा मेमोरियलचा एक मोठा अभ्यास झाला. दहावी शिकलेल्या आरोग्यसेविकांनी व्हिनेगर वापरून गर्भाशयमुखाची तपासणी केली आणि मृत्यूचे प्रमाण ३१ टक्क्यांनी घटले. त्याच सुमारास उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास झाला. त्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. या कामाचे मोल कोणीही नाकारू नये. पण तुलनेसाठी ठेवलेल्या गटातील हजारो स्त्रियांना अभ्यासातून तपासणी मिळाली नाही, फक्त माहिती मिळाली. त्यांची संमती किती समजून घेतलेली होती, हा प्रश्न पुढे देशात आणि देशाबाहेरही विचारला गेला. माझा प्रश्न त्याआधीचा आहे. अभ्यासाची आखणी होत असताना त्या वस्त्यांतली एक तरी बाई टेबलाशी समान हक्काने बसली असती, तर हा गट असाच ठेवला गेला असता का?

२००९ मध्ये आंध्रातील खम्मम जिल्ह्यात मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प झाला. त्यात आदिवासी मुली मोठ्या संख्येने होत्या. अनेक मुलींच्या संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. लस चांगली की वाईट, हा वेगळा मुद्दा आहे. दलित-आदिवासींच्या वतीने दुसऱ्याच कोणीतरी सही करायची, ही इथली सवय झाली आहे आणि आपला आक्षेप त्या सवयीला आहे.

यावर ठरलेला आक्षेप येतो : कॅन्सर हे शास्त्र आहे, त्यात अडाणी माणसांना काय कळते? केमोथेरपीचा डोस वस्तीने ठरवावा, असे कोणीच म्हणत नाही. पण सफाई कामगार बाई पहाटे कामावर जाते, मग सकाळी अकराचे शिबिर तिच्या काय कामाचे? मशेरी लावणारी बाई तंबाखू खाते का, असे विचारले की 'नाही' म्हणते, कारण तिच्या लेखी मशेरी म्हणजे दात घासणे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया झाली, तरी एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी आणि सोबत आलेल्या माणसाची झोपण्याची सोय यांचे काय? या तीन गोष्टींमुळे उपचार अर्धवट सुटतात. हे ज्ञान वैद्यकीय पुस्तकात नाही, ते वस्तीत आहे. रुग्णालयाने ते ऐकले नाही, तर त्याच्याच मशिनी आणि डॉक्टर वाया जातात.

म्हणून सल्लागार समित्या हव्यातच. पण खरी मेख पुढे आहे. रुग्णालयाने स्वतः चार 'समाजाचे नेते' निवडले, तर कोण येईल? नगरसेवकाचा माणूस, देणगीदार, मंडळाचा अध्यक्ष. बहुतेक पुरुष. ते फोटोला उभे राहतील आणि अहवालावर सह्या करतील.

बाबासाहेबांनी १९१९ साली साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांचे प्रतिनिधित्व अस्पृश्यांनीच केले पाहिजे, असे ठामपणे मांडले. १९३२ च्या पुणे कराराने आपल्याला जागा वाढवून दिल्या, पण निवडण्याची सत्ता इतरांच्या हाती ठेवली. प्रतिनिधी ज्याच्या मताने निवडून येतो, त्यालाच बांधील राहतो. हा धडा संसदेला लागू आहे, तसाच रुग्णालयाच्या समितीलाही लागू आहे.

याचा अनुभव महाराष्ट्राला अजिबात नाही, असेही नाही. २००७ पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात काही जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख झाली. गावकऱ्यांनी आरोग्य केंद्रांची गुणपत्रके भरली आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांना समोर उभे राहून उत्तरे द्यावी लागली. प्राथमिक केंद्राला जे लावता येते, ते कॅन्सर रुग्णालयाला का नको?

मागण्या साध्या आहेत. समितीचे सदस्य वस्तीसभेत आणि कामगार संघटनांतून निवडले जावेत. त्यात निम्म्याहून अधिक स्त्रिया असाव्यात, बरे झालेले रुग्ण आणि आशा सेविका असाव्यात. बैठकीच्या दिवसाची बुडालेली मजुरी रुग्णालयाने द्यावी, कारण फुकट सल्ला फक्त पोट भरलेलाच देऊ शकतो. वस्तीवर होणारा प्रत्येक अभ्यास आधी या समितीसमोर मराठीत मांडला जावा आणि 'नाही' म्हणण्याचा अधिकार समितीला असावा. समितीच्या सूचनेचे काय झाले, हे वर्षातून एकदा वस्तीत येऊन सांगितले जावे.

हा शेवटचा अधिकार नसेल, तर ती समिती म्हणजे निव्वळ सजावट. आपल्या शरीरावर संशोधन होते, तेव्हा आपल्याला 'लाभार्थी' म्हणतात. निर्णय होतो, तेव्हा आपण खोलीबाहेर असतो. ही खोली आता उघडायला हवी.

जय भीम!