सुई टोचा, पण पुरावा दाखवा!

वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये गोणी वाहता वाहता माथाडी कामगाराची कंबर चाळिशीतच धरते. मग कोणीतरी सांगतो, 'अॅक्युपंक्चर कर, चीनची हजारो वर्षांची विद्या आहे.' हजारो वर्षांची असणे हा पुरावा आहे काय? जातिव्यवस्थाही हजारो वर्षांचीच आहे! जुने म्हणजे खरे, हा युक्तिवाद आपण तिथे नाकारला. मग दवाखान्यातच का मानावा?

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली युद्धातील जखमींच्या सेवेसाठी चीनला गेले आणि १९४२ साली तिथेच वारले. त्यांच्याच पथकातील डॉ. बिजयकुमार बसू यांनी पुढे ही सुईविद्या भारतात आणली. त्या त्यागाला वंदन! पण आदर वेगळा, पुरावा वेगळा.

जर्मनीत ११६२ कंबरदुखीच्या रुग्णांवर झालेली चाचणी २००७ साली प्रसिद्ध झाली. नेहमीच्या उपचारांनी २७ टक्के रुग्णांना आराम पडला, अॅक्युपंक्चरने सुमारे ४८ टक्क्यांना. परंतु ठरलेले बिंदू सोडून वरवर सुया टोचलेल्यांपैकीही ४४ टक्क्यांना आराम पडला! म्हणजे आराम खरा, नेमक्या बिंदूंचा दावा मात्र सिद्ध झाला नाही.

वनौषधींचेही तेच. थू यूयू यांनी जुन्या चिनी ग्रंथातील धागा पकडून मलेरियावरील आर्टेमिसिनिन शोधले आणि २०१५ चे नोबेल मिळवले. ते ग्रंथपूजेमुळे नव्हे, प्रयोगशाळेत तपासल्यामुळे. उलट बेल्जियममध्ये १९९० च्या दशकाच्या प्रारंभी वजन घटवण्यासाठी दिलेल्या चिनी वनस्पतीतील अॅरिस्टोलोकिक आम्लाने अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी केली. नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे.

महाराष्ट्राने अॅक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा केला. पण नोंदणी म्हणजे प्रत्येक दाव्यावर शिक्का नव्हे. औषधाने मधुमेह, कर्करोग बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. न्यायालयात दावा करणाऱ्यानेच तो सिद्ध करायचा असतो. दवाखान्यातही तोच न्याय हवा. म्हणून बांधवांनो, विचारा : तुमचा नोंदणी क्रमांक काय? सुई नवी आहे काय? पुडीत नेमके काय आहे? वैज्ञानिक दृष्टिकोन हे संविधानाच्या कलम ५१-क ने सांगितलेले कर्तव्य आहे.

आणि राज्यकर्त्यांना आमचा सवाल : सुईने दुखणे कमी होईलही; पण कंबर मोडणारे पाठीवरचे ओझे कोण कमी करणार?