कणसाच्या शेगडीत कोणता कोळसा घालावा?

कोळसा म्हणजे कोळसा, त्यात निवड ती कसली करायची, असे पुष्कळांना वाटते. पण जुन्नर तालुक्यातल्या मढ गावावरून माळशेज घाटाकडे जो रस्ता जातो, त्या रस्त्याच्या कडेला पावसाळ्यात कणसे भाजणाऱ्या एखाद्या मावशींना विचारून पाहा. पोते चांगले निघाले तर दिवस सुखाचा जातो, आणि वाईट निघाले तर पुठ्ठ्याने वारा घालून घालून खांदा भरून येतो, हे त्या तुम्हाला पदार्थविज्ञानाचे एकही सूत्र न शिकता सांगतील. त्यांच्यापुढचा प्रश्न खरा आहे. हल्ली बाजारात दोन प्रकारचा कोळसा मिळतो: एक जुना, ओबडधोबड लोणारी कोळसा, दुसरा कांडी कोळसा, म्हणजे कोळशाची भुकटी खळीत मळून दाबून केलेल्या एकसारख्या कांड्या. यांतला कोणता घ्यावा? मी या प्रश्नाचे उत्तर देणार आहे, पण त्याआधी तुम्हाला थोडे जळणाच्या आत डोकवावे लागेल.

लोणारी कोळसा हा लाकडाचा. चुना आणि कोळसा भाजणे हा लोणारी समाजाचा परंपरागत व्यवसाय, त्यावरून हे नाव पडले. लाकडे रचून वरून माती लिंपायची आणि आत हवा जेमतेम पोहोचेल अशा बेताने ती दिवसचे दिवस धुमसत ठेवायची. लाकडातले पाणी, धूर व वायू निघून जातात आणि मागे बहुतांशी कार्बन उरतो. लाकडाच्या सूक्ष्म नळ्या मात्र तशाच राहतात. म्हणून हा कोळसा हलका, सच्छिद्र आणि वाजवला तर काचेसारखा खणखणणारा असतो.

कांडी कोळसाही कार्बनच. पण तो भुकटीचा असतो, आणि भुकटी तशीच शेगडीत घातली तर वाऱ्याने उडते किंवा एकमेकीवर बसून हवेची वाट बंद करते. म्हणून तिला आकार द्यावा लागतो. आपल्याकडे ही युक्ती नवीन नाही. घराघरांत शेगड्या होत्या तेव्हा पोत्याच्या तळाशी उरलेला कोळशाचा चुरा शेणामातीत कालवून त्याचे गोळे वळत आणि ते उन्हात वाळवत. तुमच्या आजीला विचारा, तिने ते वळले असतील. अमेरिकेत याच गोष्टीचा १९२० नंतरच्या दशकात मोठा कारखाना झाला. मोटारींच्या हेन्री फोर्डने आपल्या लाकूड-गिरणीतले वाया जाणारे तुकडे व भुसा यांपासून कोळशाच्या वड्या पाडून विकायला सुरुवात केली.

आता ज्वलनाकडे वळू या. कोळसा जळतो तो त्याच्या पृष्ठभागावर, कारण प्राणवायू तेथेच येऊन भिडतो. सहा सेंटिमीटर बाजूचा एक घन घ्या. त्याचे पृष्ठफळ २१६ चौरस सेंटिमीटर. त्याचेच एक सेंटिमीटरचे २१६ घन केले, तर एकूण पृष्ठफळ १२९६ चौरस सेंटिमीटर, म्हणजे सहापट होते. लोणारी कोळशात लहान, मोठे, चपटे, टोकदार असे सगळे तुकडे एकत्र असतात. लहान तुकडे चटकन पेटतात, मोठे मागून पेटतात, आणि आतल्या छिद्रांमुळे वारा घातला की निखारा लगेच रसरसतो. कांडी मात्र घट्ट दाबलेली, सर्वत्र एकाच मापाची. ती उशिरा पेटते, पण एकदा पेटली की तिचा वेग फारसा कमीजास्त होत नाही. काही कांड्यांना मधून आरपार भोक ठेवलेले असते, त्यामुळे त्या आतूनही जळतात.

दुसरा मुद्दा राखेचा, आणि माझ्या मते तोच अधिक महत्त्वाचा. चांगल्या लाकडी कोळशात राख शंभरात तीन-चार भागच निघते. कांडीत खळ असते, भुकटीबरोबर आलेली माती असते, पाचटाची स्वतःची राख असते, त्यामुळे दहा-वीस भाग राख सहज निघते. ही राख निखाऱ्यावर गोधडीसारखी बसते. आतला निखारा लाल असूनही वरून तो करडा व मंद दिसतो.

मंद दिसण्याने एवढे काय बिघडते? कणसाचे बिघडते! कणीस निखाऱ्याला न टेकवता वर धरून भाजले, तर त्याला उष्णता मुख्यत्वे प्रारणाने मिळते. प्रारण हे केल्व्हिनमधील तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते, हा स्टीफनचा नियम तुम्ही पुढे शिकाल. निखाऱ्याचा पृष्ठभाग ८०० केल्व्हिनवरून १००० केल्व्हिनवर गेला, म्हणजे तापमान सव्वापट झाले, तर प्रारण सव्वाचा चौथा घात, म्हणजे जवळजवळ अडीचपट होते. घाटातले गिऱ्हाईक गाडी चालू ठेवून उभे असते. त्याला कणीस दोन मिनिटांत हवे असते. तेथे पुठ्ठ्याच्या चार झटक्यांत लालबुंद होणारा लोणारी कोळसाच उपयोगाचा, हा मावशींचा निर्णय स्टीफनच्या नियमाला धरूनच आहे.

किमतीचे गणित मात्र मावशींनीच नव्हे, पुष्कळ शिकलेल्यांनीही चुकीचे मांडलेले मी पाहतो. सगळे किलोचा भाव विचारतात. विकत घ्यायची आहे उष्णता, किलो नव्हे! समजा, लोणारी कोळसा ४० रुपये किलो आहे आणि त्यातून ७००० किलोकॅलरी मिळतात. कांडी कोळसा ३० रुपये किलो आहे, पण राखेमुळे त्यातून ५००० किलोकॅलरीच मिळतात. हजार किलोकॅलरींना पहिल्याचे ५ रुपये ७१ पैसे पडतात, दुसऱ्याचे ६ रुपये. स्वस्त दिसणारा महाग निघाला. भाव गावोगाव बदलतील. भागाकार तोच राहील.

मढसारख्या मुसळधार पावसाच्या गावी आणखी एक पाहुणा पोत्यात शिरतो, तो म्हणजे पाणी. किलोभर कोळशात १०० ग्रॅम ओल असेल तर ती तापवून वाफ करायला साठ-एक किलोकॅलरी खर्च होतात. हे नुकसान किरकोळ आहे. खरे नुकसान हे की १०० ग्रॅम कोळशाच्या जागी तुम्ही पाणी विकत घेतलेत, म्हणजे ७०० किलोकॅलरी आलेल्याच नाहीत. लोणारी कोळसा निदान वाळतो तरी. पिठाच्या खळीने बांधलेली कांडी भिजली की तिचा पुन्हा चिखल होतो.

येथवर सगळी बाजू लोणारी कोळशाची झाली. पण शेगडीच्या आधी काय घडले, तेही हिशेबात धरायला हवे. मातीच्या साध्या भट्टीत १०० किलो लाकडातून फार तर १५ ते २० किलो कोळसा पदरात पडतो. वाळलेल्या लाकडाचे किलोला सुमारे ३५०० किलोकॅलरी धरा. भट्टीत गेल्या साडेतीन लाख किलोकॅलरी, आणि १५ किलो कोळशात बाहेर आल्या एक लाख पाच हजार. तीस टक्के! उरलेल्या सत्तर टक्क्यांचा काही भाग भट्टी तापती ठेवण्यात गेला, आणि बराचसा धुराच्या रूपाने रानात गेला. म्हणजे निखारा धूर न करता जळतो तो एवढ्यासाठीच की त्याचा धूर आधीच दुसऱ्या कोणाच्या तरी डोळ्यांत गेलेला असतो. आणि ते डोळे कोणाचे, हेही माहीत असावे. रायगड जिल्ह्यातली कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर ठेकेदाराची उचल घेऊन दूरदूरच्या कोळसाभट्ट्यांवर जातात. त्यांच्याबरोबर मुलेही जातात, तुमच्याच वयाची. त्यांची शाळा तेवढे महिने बुडते.

याच जुन्नर तालुक्यात पश्चिमेला मढकडे हिरड्याची झाडे आणि पूर्वेला कुकडीच्या पाण्यावरचा ऊस, असे दोन मुलूख आहेत. उसाच्या एका हेक्टरातून साधारण ८ ते १० टन पाचट निघते. गुरे ते खात नाहीत, आणि पुष्कळ शेतकरी तोडणीनंतर फडातच पेटवून देतात. या पाचटाचा कोळसा का करू नये, हा विचार पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने, म्हणजे समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने, प्रत्यक्षात आणून दाखविला. डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये ही संस्था स्थापन केली. तिची भट्टी मोठी गमतीची आहे. पाचट झाकणबंद पिंपांत ठासून ती पिंपे भट्टीत उभी करायची आणि भोवती थोडे पाचट जाळायचे. पिंपांतले पाचट तापले की त्यातून ज्वालाग्राही वायू निघतात आणि ते भट्टीतच पेटतात. पुढची उष्णता तेच पुरवितात! मातीच्या भट्टीत जो वायू धूर होऊन वाया जातो, तोच येथे इंधन होतो. मग पाचटाच्या कोळशाची भुकटी खळीत मळून चकलीच्या सोऱ्यासारख्या यंत्रातून कांड्या पाडायच्या. या कामाला २००२ साली इंग्लंडमधले ॲश्डेन पारितोषिक मिळाले.

कोणी म्हणेल, पाचट जाळायचे तरी कशाला? ते कुजवून जमिनीला द्यावे. हे म्हणणे बरोबर आहे, आणि जो शेतकरी सरींत पाचटाचे आच्छादन करतो त्याच्याकडून ते ओढून आणून कोळसा करावा, असे मी मुळीच म्हणणार नाही. जे पेटवले जाणारच आहे, त्याच्यापुरतेच माझे म्हणणे आहे. उलट बाजूने असेही म्हणता येईल की आजचा पुष्कळसा लोणारी कोळसा जंगलातला नसून वेडी बाभळीचा असतो, आणि ती परदेशातून आलेली, माळरान व्यापणारी झाडे तोडली तर बिघडले कोठे? तेही खरे. अडचण एवढीच की पोत्यातला काळा तुकडा पाहून तो बाभळीचा की रानातल्या जुन्या झाडाचा, हे तुम्हाआम्हाला ओळखता येत नाही.

तेव्हा माझे मत असे. जेथे शेगडी तासन्‌तास पेटलेली असते आणि मंद, एकसारखी आच हवी असते, म्हणजे चहाच्या टपरीवर, भाजीच्या पातेल्याखाली, तेथे पाचटाचा कांडी कोळसाच वापरावा. तेथे लोणारी कोळसा वापरणे ही उधळपट्टी आहे. कणसाच्या शेगडीत वरच्या थरापुरता लोणारी आणि खाली कांडी ठेवावी. खालची आच टिकते, वरची झटपट रसरसते. पण त्यासाठी शेगडी बदलावी लागेल, आणि सगळे येथेच अडते. उघड्या घमेल्यात कांडी कोळसा स्वतःच्याच राखेखाली गुदमरतो. जुन्या बादलीला आतून मातीचा जाड थर देऊन, मध्ये गजांची जाळी आणि खाली हवेचे तोंड ठेवलेली बादलीची शेगडी पूर्वी घरोघर असे. तिची माती उष्णता बाहेर जाऊ देत नाही, स्वतः तापून ती परत आत फेकते, आणि खालच्या तोंडावर पत्रा सरकवला की आच कमीजास्त होते. जपानमध्ये ‘कामाडो’ नावाची अशीच मातीची चूल आहे. तिच्यावरून केलेल्या जाड चिनीमातीच्या बंद शेगड्या आज परदेशांत चांगल्या महाग विकतात, आणि राखेने हवेची भोके बुजू नयेत म्हणून त्यांत लाकडी कोळसाच घाला असे त्यांचे विक्रेते सांगतात. माझे म्हणणे, कोळसा बदलण्याऐवजी जाळी व राखेची जागा मोठी करा.

एका बाबतीत दोन्ही कोळसे सारखेच धोक्याचे आहेत. निखाऱ्यांवर कधीकधी निळसर ज्योत नाचताना दिसते, ती कार्बन मोनॉक्साइड या वायूची. हवा अपुरी पडली की तो न जळताच बाहेर येतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट चिकटतो. धूर नाही म्हणून शेगडी थंडीत बंद खोलीत घेऊन झोपणारी माणसे सकाळी उठत नाहीत.

तुम्हाला माझे मत पटवून घ्यायचे नसेल तर प्रयोग करा. अंगणात, आणि घरातले मोठे कोणी जवळ असताना. दोन्ही कोळसे पाव-पाव किलो तोलून घ्या. एकाच शेगडीत, एकाच पातेल्यात, दरवेळी एक लिटर पाणी ठेवा. पाणी उकळायला किती मिनिटे लागली आणि नंतर किती वेळ उकळत राहिले, हे दोन आकडे वेगवेगळे लिहा, कारण पहिल्यात बहुधा लोणारी जिंकेल आणि दुसऱ्यात कांडी. शेगडी पूर्ण निवल्यावर, दुसऱ्या दिवशी, राख तोला आणि चिमूटभर बोटांत चोळून पाहा. मऊ, पांढरट लागली तर ती वनस्पतीची आहे. तांबूस आणि कचकचीत लागली, तर दुकानदाराने तुम्हाला कोळशाच्या भावाने माती विकली आहे.