पिवळ्या रेघेच्या पलीकडे



‘तंबाखूमुक्त शाळा’ हा तक्ता आम्ही नुकताच भरून पाठविला. केंद्र सरकारने २०१९ साली घालून दिलेले ९ निकष त्यात आहेत. फाटकावर फलक आहे का? आहे. देखरेखीसाठी शिक्षक नेमले का? नेमले. शंभर यार्डांवर पिवळी रेघ ओढली का? ओढली. आवारात थोटके, पिंका नाहीत ना? नाहीत. गुण चांगले पडले. त्याच आठवड्यात मैदानामागच्या कुंपणाबाहेर शिपाईमामांनी घमेलेभर रिकाम्या पुड्या गोळा केल्या. त्या आपल्या मुलांच्या की वाटसरूंच्या, हे आम्हांला सांगता येत नाही. किती मुले तंबाखू खातात आणि किती जणांनी सोडली, हा प्रश्न तक्त्यात नाहीच.

येथे दोन प्रश्न वेगळे करावे लागतात. तंबाखू घातक आहे का, हा पहिला. त्याचा निकाल केव्हाच लागला आहे. मुंबईच्या टाटा रुग्णालयातील डॉ. संघवी व सहकाऱ्यांनी धूम्रपान, तंबाखू चघळणे आणि तोंड-घशाचा कर्करोग यांच्या संबंधाचा अभ्यास १९५५ सालीच प्रसिद्ध केला होता. तरीही २०१५ साली पाकिटावरील इशारा मोठा करण्याची वेळ आली, तेव्हा संसदीय समितीचे अध्यक्ष, नगरचे तेव्हाचे खासदार दिलीप गांधी यांनी भारतीय संशोधन कुठे आहे, असा सवाल केला. ८५ टक्के जागेवरचा इशारा त्यानंतर १ एप्रिल २०१६ पासून आला. पुरावा घरात असून वर्ष वाया गेले.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. कोणत्या उपायाने फरक पडतो? १३ ते १५ वयाच्या विद्यार्थ्यांच्या देशव्यापी पाहणीत तंबाखू वापरणाऱ्यांचे प्रमाण २००९ साली १४.६ टक्के होते. २०१९ साली ते ८.५ टक्के झाले. आनंदाची गोष्ट आहे. पण याच दहा वर्षांत पाकिटांवर चित्रे आली, गुटखाबंदी झाली, कर वाढले, शाळांत प्रचार झाला. पाच वैद्यांची औषधे एकदम घेतली आणि ताप उतरला, तर श्रेय कोणाला द्यावे? शिवाय तो आकडा देशाचा आहे. त्यावरून आमच्या नववीच्या वर्गाचे काही कळत नाही.

आपल्या सीमाभागात तर मोजमाप आणखी फसवे होते. महाराष्ट्रात गुटखाबंदी जुलै २०१२ मध्ये झाली, कर्नाटकात मे २०१३ अखेरीस. मधले दहा महिने कोगनोळीच्या पलीकडे बंदी आणि अलीकडे मोकळीक होती. नुसती कागलची दुकाने मोजली असती, तर निष्कर्ष काय निघाला असता? पुढे बंदी दोन्हीकडे झाली, तर पानमसाला आणि तंबाखू यांच्या दोन वेगळ्या पुड्या निघाल्या. घेणारा त्या हातावर एकत्र करतो. कागदावर गुटखा बंद, तोंडात चालू.

आणखी एक हिशेब राहून जातो. निपाणीच्या तंबाखूवर आपल्यातील कित्येक घरांच्या चुली पेटल्या, मुलांच्या फिया भरल्या गेल्या. भावासाठी रस्त्यावर बसलेल्या शेतकऱ्यांवर १९८१ च्या एप्रिलमध्ये गोळीबार झाला, हे ज्येष्ठांना आठवत असेल. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बायांचा खोकला आणि त्यांची मजुरी या दोन्ही गोष्टी धोरणाच्या वहीत आल्या पाहिजेत. एकीच मोजून दुसरी सोडली, तर पुरावा अर्धाच राहतो.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. तिकडे म्हणतात, ‘दूध का दूध, पानी का पानी’. तसे व्हावे म्हणून आम्ही ठरविले आहे की आठवी ते दहावीच्या मुलांकडून वर्षातून दोनदा, बिननावाच्या चिठ्ठीवर तेच चार प्रश्न विचारायचे. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून फक्त खूण करायची. कोणालाही शिक्षा नाही, कोणाची चौकशी नाही. जो आकडा येईल, तो याच पत्रिकेत छापायचा. शाळेची बदनामी होईल, असे काही हितचिंतकांना वाटते. त्यांची काळजी आम्ही समजतो. पण झाकली मूठ सव्वा लाखाची ही म्हण आरोग्याच्या कामी येत नाही. पहिला आकडा वाईट आला तरी चालेल. पुढच्या वर्षी तो कमी झाला की नाही, हे तरी त्यामुळे कळेल.

पालकांकडे एकच मागणे आहे. स्वतःची सवय आज सुटत नसेल, तर न सुटो. पण दुकानातून पुडी आणायला मुलाला पाठवू नका. पिवळी रेघ शाळेभोवती आम्ही ओढली आहे. घराभोवतीची तुम्हांलाच ओढावी लागेल.

आपला अभिप्राय, विरोधी असला तरी, लेखी जरूर कळवावा.

— मुख्याध्यापक