नुसते पिवळे झाले म्हणजे झाले का?

नळकोंडाळे / पाणक्या

जानेवारी २०२५मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढू लागले, संशय पाण्यावर आला आणि अख्खे पुणे ओटी टेस्ट शिकले. काचनळीत पाणी घ्यायचे, ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे. पाणी पिवळे झाले की क्लोरिन आहे, मग निर्धास्त. त्याच परिसरातले नांदेड गाव महापालिकेत येऊन साडेतीन वर्षे झाली तरी विहिरीचे पाणी नुसते क्लोरिन मारून घरोघरी जात होते. तिथे ही चाचणी हवीच होती.

पण ती जंतूंपुरती. न चिकटणाऱ्या तव्यांपासून आग विझवण्याच्या फेसापर्यंत वापरली गेलेली पीफास रसायने क्लोरिनला भीक घालत नाहीत आणि पाणी उकळूनही जात नाहीत. अमेरिकेने २०२४मध्ये त्यांतल्या पीएफओए आणि पीएफओएस या दोघांना लिटरमागे ४ नॅनोग्रॅमची मर्यादा घातली. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आपल्या आयएस १०५०० मानकात डीडीटी आहे, लिंडेन आहे. पीफासचा रकानाच नाही. रकाना नाही म्हणून तपासणी नाही, तपासणी नाही म्हणून काही आढळत नाही. सगळे कसे शुद्ध!

हे परदेशातले खूळ वाटत असेल, तर लोटे परशुरामकडे पाहा. इटलीत व्हिचेन्झाजवळच्या मितेनी या पीफास बनवणाऱ्या कारखान्याने लाखो लोकांचे पाणी नासवले. २०१८मध्ये तो दिवाळखोरीत गेला, जून २०२५मध्ये तिथल्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली. दरम्यान त्याची यंत्रसामग्री लिलावात विकली गेली आणि आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे एमआयडीसीत आली.

पुण्यात खडकवासल्याच्या वरच्या अंगाला मोठी कारखानदारी नाही, त्यामुळे पर्वतीच्या शुद्धीकरण केंद्रातून येणाऱ्या पाण्याची मला फारशी धास्ती वाटत नाही. धास्ती टँकरची आहे. मे महिन्यात सोसायटीच्या टाकीत पाइप सोडला जातो तेव्हा वॉचमन फक्त वहीवर सही घेतो. कुठल्या बोअरवर टँकर भरला, हे कोणी विचारत नाही. महापालिकेने शुद्धीकरण केंद्रांइतकेच टँकर भरण्याचे पॉइंटही पीफाससाठी तपासावेत, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर, आणि आकडे जसेच्या तसे जाहीर करावेत. चाचणी महाग आहे, कबूल. पण १९५०पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा ज्या शहरात आहे, त्याने जाणकार मिळत नाहीत अशी सबब सांगू नये.

मैलाशुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारे पाणीही या यादीत हवे. ते मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत जाते, आणि सोलापूर उजनीचे पाणी पिते. तेव्हा अहवालाची पहिली प्रत सोलापूर महापालिकेला पाठवावी.