वळण राहू द्या, गाडी लहान करा

मोनॅकोच्या ट्रॅकवर उतरणीला हॉटेलच्या कडेने डावीकडे जाणारं एक हेअरपिन वळण आहे. एरवी ताशी 300 किलोमीटरच्या घरात धावणारी फॉर्म्युला वनची गाडी इथं पन्नासच्याही खाली येते, म्हणजे घाटातल्या एसटीच्या वेगाला. चालकाचे हात एकमेकांवर चढेपर्यंत स्टिअरिंग फिरवावं लागतं. नेहमीच्या गाडीची चाकं तेवढी वळतच नाहीत, म्हणून या शर्यतीसाठी संघ पुढच्या सस्पेन्शनचे खास भाग तयार करून आणतात.

असल्या संथ वळणांवर शर्यत मरते, अशी ओरड हल्ली फार ऐकू येते. तिला आधारही आहे. 2024 साली मोनॅकोत पहिले दहा चालक ज्या क्रमाने सुटले, त्याच क्रमाने पोचले. फॉर्म्युला वनच्या इतिहासात असं प्रथमच घडलं. पण त्याचं खापर वळणावर फोडणं चुकीचं आहे.

हेअरपिनवर नेमकं काय घडतं, हे समजून घ्यायला खेळण्यातला ट्रॅक पुरतो. फ्रेड फ्रान्सिस या इंग्रज उद्योजकाने 1957 साली हॅरोगेटच्या खेळणी प्रदर्शनात स्केलेक्स्ट्रिक आणलं. खोबणीत अडकवलेली पिन, विजेवर धावणारी गाडी आणि हातात एक ट्रिगर, एवढाच पसारा. सरळ पट्ट्यावर ट्रिगर कोणीही दाबून धरील. वळणाच्या वीतभर आधी बोट सैल करावं लागतं. तिथं क्षणभर उशीर झाला की गाडीची शेपूट बाहेर फेकली जाते, पिन खोबणीतून उचकटते आणि गाडी सतरंजीवर उलटी पडते, चाकं फिरतच! वळणावर वेग दुप्पट केला तर पकड चौपट लागते, हा नियम मुलाच्या बोटाला असा कळतो.

या गाड्यांच्या पोटाशी चुंबक असतं, ते गाडीला ट्रॅकवर दाबून धरतं. कसलेले खेळाडू अनेकदा ते काढून खेळतात, कारण मग उरतं ते बोटाचं कसब. खऱ्या शर्यतीत हे चुंबक हेअरपिन काढून घेतं. गाडीला जमिनीवर दाबणारा हवेचा जोर वेगाबरोबर वाढतो आणि पन्नासच्या वेगाला जवळजवळ नाहीसा होतो. मग टायर आणि चालक, एवढेच उरतात. म्हणून हेअरपिन ही चालकाची खरी परीक्षा आहे.

जपानच्या सुझुका ट्रॅकवर 2010 साली कामुई कोबायाशीने ती दिली. चौदाव्या जागेवरून सुटलेला हा चालक हेअरपिनवर एकामागून एक गाड्या मागे टाकत सातवा आला. उशिरा ब्रेक मारून आत घुसायला तिथं जागा होती.

मोनॅकोत ती जागा गाड्यांनीच खाल्ली आहे. 2017 पासून फॉर्म्युला वनची गाडी दोन मीटर रुंद झाली, लांबी तर साडेपाच मीटरच्या आसपास गेली. अशा दोन गाड्या त्या वळणात शेजारी-शेजारी घालणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. 2026 च्या नियमांनी रुंदी 10 सेंटिमीटरनी आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं कमाल अंतर 20 सेंटिमीटरनी घटवलं. पाऊल योग्य दिशेचं आहे, पण तोकडं आहे.

नियम करणाऱ्यांनी गाडी आणखी लहान आणि हलकी करावी. मोनॅकोचं हेअरपिन 1929 च्या पहिल्या शर्यतीपासून तिथं आहे. त्याला हात लावू नये.