दोन छपरं जिथे भेटतात…

कैची म्हटलं की आपल्याला काय आठवतं? सेकंड इयरचा पेपर! ‘सर्व भार सांध्यांवरच आहेत असे गृहीत धरा’, मग मेथड ऑफ जॉइंट्स, आणि दहा मार्क खिशात. पण खऱ्या घरात कैची एकटी नसते, हे कोण सांगणार?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसं गेली. त्यातली कितीतरी दगडमातीच्या भिंती आणि माळवदाखाली. फूटभर मातीचं माळवद म्हणजे चौरस मीटरला जवळपास ५०० किलो. पत्रा भरतो जेमतेम ५ किलो! आज आपल्या परभणी जिल्ह्यात जिंतूर, सेलू, गंगाखेड, कुठेही जा, पत्र्याची घरं दिसतात. ओझं गेलं, चांगलंच झालं. पण माळवद वाऱ्याने उडत नव्हतं, पत्रा उडतो. वाऱ्याने छप्पर वर उचललं की कैचीतले ताणातले मेंबर दाबात जातात.

त्यात घर एल आकाराचं असलं की खरी परीक्षा. मोठ्या दुपाखी छपरात पुढच्या खोलीचं दुपाखी छप्पर आडवं येऊन घुसतं. हे जोडायचं कसं? मार्ग दोन. खाली भिंत असेल तर मोठ्या छपराच्या कैच्या तशाच पुढे न्यायच्या आणि त्यांच्यावर लहान लहान होत जाणाऱ्या कैच्या बसवायच्या. भिंत नको, मोकळा हॉल हवा असेल, तर तिथे एक दणकट कैची टाकायची. बाकीच्या कैच्यांची टोकं तिने पेलायची. पण वरच्या छपराचा टेकू सांध्यावर न येता मधेच आला तर? कैचीचा वरचा मेंबर वाकायला लागतो. म्हणजे पेपरातलं ते गृहीतच कोसळलं!

आता पाणी. दोन्ही पाख्यांचा उतार एकास तीन असेल, तर ती मिळतात तिथल्या पन्हळीचा उतार भरतो एकास सव्वाचार. म्हणजे पाणी दोन पाख्यांचं, आणि उतार मात्र कमी! शिवाय पत्रे तिरके कापलेले, त्यामुळे हूक नीट बसवणंही तिथेच अवघड.

हा सगळा निर्णय आज घेतो कोण? वेल्डिंगवाला मिस्तरी, जागेवर, नजरेने. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्याच्याकडे हात आहे, आपल्याकडे गणित आहे; फक्त दोघांची गाठ पडत नाही. कुणी म्हणेल, सॉफ्टवेअर आहे की! अहो, पण जो सांधा आपण काढलाच नाही, त्याचं उत्तर ते कुठून देणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

म्हणून सरांना एक विनंती. एकमेकांची जर्नल उतरवण्यापेक्षा दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येकाला आपापल्या गावातला असा एक सांधा मोजून आणायला सांगा. प्रश्न तीनच: टेकू कुठे आहे? भार भिंतीपर्यंत कोणत्या वाटेने जातो? वाऱ्याने उचललं तर धरून कोण ठेवतं? आणि एखादं प्रॅक्टिकल मिस्तरींना वर्कशॉपमध्ये बोलावून होऊ द्या.

वादळ काही ‘गृहीत धरा’ म्हणून येत नाही. ज्यानं आयुष्याची पुंजी त्या पत्र्यांत घातलीय, त्याच्यासाठी एवढं तर आपण करायलाच हवं. बघा, पटतंय का!